अकरा महिन्यांच्या करारासाठी नोटरी पुरेशी आहे का?
पुणे विद्यापीठाजवळ, औंध किंवा खडकीत तिघा-चौघांत फ्लॅट घेताना एजंट हमखास सांगतो, ‘अकराच महिने आहेत, नोटरी केली की झालं.’ महाराष्ट्रात तेवढ्याने भागत नाही.

भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर तसा पुरावा लागतो.

याची गरज भासते ती घर सोडताना. रंगकाम, मोडलेला नळ, ‘नोटीस दिली नाही’ अशा कारणांनी डिपॉझिट कापले जाते. रंगाचा खर्च कुणाचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट कधी परत, हे करारातच लिहून घ्यावे. राहणाऱ्या सगळ्यांची नावेही हवीत. करार एकाच्याच नावावर असेल आणि तोच मध्ये सोडून गेला, तर बाकीच्यांच्या हाती कागदच उरत नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. महापालिका हद्दीत शुल्क १ हजार रुपये, मुद्रांक शुल्क वेगळे. डिपॉझिट मात्र रोख देऊ नये, बँकेतूनच द्यावे.