बोलीचा हिशेब

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या वाहनापाशी उभा राहून जो व्यापारी क्विंटलमागे भाव पुकारतो, त्याला माल किती टिकेल, पुढच्या पेठेत काय दर येईल आणि शेजारचा प्रतिस्पर्धी कुठवर चढेल याचा अंदाज मनातच दडवून ठेवावा लागतो. परंतु या लिलावाशी परिचित असलेला नाशिककर कॉन्ट्रॅक्ट ब्रिजच्या मेजावर येऊन बसला, तर तिथला लिलाव त्याला विपरीतच वाटेल, कारण तिथे समोरच्या भिडूला आपला अंदाज बोलीतूनच कळवायचा असतो, आणि डाव्या-उजव्या अंगाचे प्रतिपक्षीही तोच मजकूर ऐकत असतात.

या संभाषणाला शब्द थोडे. चार रंग व पाचवी बिनहुकमी, प्रत्येकाच्या एक ते सात अशा बोली ३५. त्यांत पास, डबल आणि रीडबल मिळवले की झाले ३८. संकेतांचा अर्थ प्रतिपक्षाने विचारल्यास सांगावाच लागतो. गुप्त कराराला येथे मुभा नाही. पूर्वीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये बोली लहान असली तरी जिंकलेले सगळे हात गेमच्या, म्हणजे मोठ्या बक्षिसाच्या, खात्यावर जमा होत. हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने १९२५ साली एका जलप्रवासात बोललेले तेवढेच जमा धरण्याचा दंडक घातला, आणि तेव्हापासून बोली हा खेळाचा अर्धा, माझ्या मते अर्ध्याहून अधिक, भाग होऊन बसला.

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १, असे कॅटात एकूण ४० गुण. दोघा भिडूंचे मिळून २५-२६ भरले की गेमची बोली करावी, एवढे कोणीही संध्याकाळभरात शिकतो. विवेकाची परीक्षा त्यानंतर सुरू होते. सांघिक सामन्यात तीच पाने दुसऱ्या मेजावरही खेळली जातात व दोन्ही निकालांतील तफावतीचे श्रेणीनुसार गुण मिळतात. समजा आपण व्हल्नरेबल, म्हणजे वाढीव बक्षीस आणि वाढीव दंड या दोहोंस पात्र आहोत. चार इस्पिकांची, म्हणजे सहावर चार अशा दहा हातांची, बोली वठली तर ६२०, तेच दहा हात खालच्या बोलीवर केले तर १७०. या तफावतीचे १० गुण. एका हाताने पडलो तर दंड १००, आणि तीन इस्पिकांवर थांबलेल्या दुसऱ्या मेजाने नऊ हात करून १४० मिळवलेले. येथे गमावतो ते ६. म्हणजे शंभरात अडतीस वेळा यश येण्याची शक्यता असली तरी धाडस परवडते. व्हल्नरेबल नसताना मात्र हेच प्रमाण पंचेचाळिसाच्या घरात जाते, म्हणून भिडूने विचारलेल्या एकाच प्रश्नाला त्याच तेरा पानांवर कधी होकार द्यावा लागतो, कधी नकार.

याहून नाजूक प्रकरण जाणूनबुजून हरण्याच्या बोलीचे. प्रतिपक्ष व्हल्नरेबल असून त्याची चार इस्पिकांची बोली निश्चित वठणार, म्हणजे आपल्याला ६२० ची तोशीस लागणार, असे दिसत असता, आपण व्हल्नरेबल नसलो तर पाच चौकट बोलून, डबल, म्हणजे प्रतिपक्षाने वाढवलेला दंड, पत्करून, तीन हातांनी पडलो तरी दंड ५०० चाच. चौथा हात गेला की तो ८०० होतो आणि सगळे शहाणपण अंगाशी येते. तीन की चार, हे गुणांच्या बेरजेतून कळत नाही. आपल्या हातातले इस्पिकचे राणी-गुलाम बचावात एखादा हात मिळवून देतील, पण पाच चौकटांच्या डावात त्यांची किंमत कवडीची. तेच गुण चौकटीत असते तर गोष्ट निराळी.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत साठ वर्षांचे प्रणब बर्धन व छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा पत्त्यांना पदक कसले म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. मुंबईचे जॅगी शिवदासानी कांस्यविजेत्या पुरुष संघात होते, हेमा देवरा मिश्र संघात. ज्यांनी सुट्टीत जजमेंट खेळताना आपले हात आधी सांगून ते नेमके करून दाखवले आहेत, त्यांनी ब्रिजला बिचकण्याचे कारण नाही. फक्त भिडू असा निवडावा की जो डाव संपल्यावर भांडण्याऐवजी बोलीचा हिशेब मांडेल.