अर्ध्या तिकिटाचं पुणं

पुण्यात कुणाला गावाचं नाव 'लोणी' सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "काळभोर का?" नाही हो, भापकर. बारामती तालुका. मोरगावचा गणपती केलाय ना तुम्ही, तिथून पुढं. मग समोरची बाई समजुतीनं मान हलवते, "अच्छा, म्हणजे बारामतीच्या!" आता बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊस, साखर कारखाना आणि रुंद रस्ते. आमचा भाग त्यातला नाही. आमचा जिरायत पट्टा. बाजरी, ज्वारी आणि उन्हाळ्यात टँकरची वाट. पण हे सगळं दुकानात उभं राहून कोण सांगत बसणार? मी आपली "हो, बारामतीच्याच" म्हणते आणि पुढच्या गल्लीला लागते.

तर मैत्रिणींनो, या पुण्याच्या मी प्रेमात आहे. वयाच्या पंचेचाळिशीत असं उघड लिहायचं म्हणजे जरा अवघडच. आमचे हे वाचतील तर म्हणतील, "काय आहे त्या पुण्यात? धूर आणि ट्रॅफिक." धूर आहे, ट्रॅफिकही आहे. तरीही.

लग्नानंतरची पहिली दहा-बारा वर्षं पुणं म्हणजे बस्ता. घरात कुणाचं लग्न निघालं की पहाटे जीप भरायची. लक्ष्मी रस्त्यावरच्या एकाच दुकानात सगळ्यांनी गादीवर बसायचं, पसंती सासूबाईंची, पैशाचा हिशेब पुरुषांचा. आम्हा सुनांचं काम साड्यांच्या पिशव्या मोजणं. दिवस मावळायच्या आत परत. तेवढ्यात पुणं किती दिसलं? जीपच्या काचेतून दिसेल तेवढं. मी बी.ए. झालेली, पेशव्यांपासून टिळकांपर्यंत सगळं पुणं परीक्षेत लिहिलेलं. पण शनिवारवाड्यावरून जीप गेली तेव्हा मी मागच्या सीटवर कुणाच्या तरी लेकराला ओकारी येतेय म्हणून पिशवी धरून बसले होते.

मग बचत गटाचं काम सुरू झालं, आणि त्यातूनच दवाखान्याचं. गावातल्या बायकांना पुण्याला तपासायला न्यायला कुणीतरी लिहिता-वाचता येणारं माणूस लागायचं. "वहिनी, तुम्ही चला की." झालं, वहिनी निघाल्या. मोरगाव, जेजुरी, सासवड, मग दिवे घाट. घाटात खाली मस्तानी तलाव दिसला की सोबतची बाई हमखास विचारणार, "आलं का पुणं?" अजून हडपसर यायचंय बाई, मग स्वारगेट.

ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात केसपेपर निघाला, पेशंट आत गेला, की सोबतच्या माणसाला तासन् तास काम नसतं. पहिलं वर्षभर मी बाकावर बसून डबा सांभाळला. मग पेशंटजवळ एकजण बसली की मी "आले हां" म्हणून बाहेर पडायला लागले. आधी फाटकापर्यंत. मग चौकापर्यंत. मग सोमवार पेठ, रास्ता पेठ, कसबा. रस्ता चुकले की कुठल्याही देवळाच्या पायरीवर बसायचं आणि विचारायचं. पुणेरी माणसं तिरकस बोलतात म्हणतात. बोलतात की! पण रस्ता अगदी बिनचूक सांगतात, कुठलं वळण घ्यायचं नाही तेसुद्धा.

आणि त्या देवांची नावं काय सांगू! जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती. विठोबा निवडुंग्या, तर दुसरा पासोड्या. गणपती गुपचूप. मुरलीधर तर चक्क खुन्या! आमच्याकडं देव म्हणजे भैरवनाथ, नाव घेताना आधी हात जोडायचे. इथं देवाला शेजारच्या काकांसारखं टोपणनाव. मला वाटतं, माझं प्रेम जमलं ते या नावांपासून. एवढ्या मोठ्या शहरानं देवांना घरगुती करून ठेवलंय, तर आपल्याला ते घाबरवणार कसं?

मंडईत मात्र मी पाहुणी नव्हतेच. १८८६ सालची ती दगडी इमारत, वरचा मनोरा, आत ओट्यावर रचलेली भाजी. हिला आधी रे मार्केट म्हणायचे, गव्हर्नरच्या नावावरून. आता महात्मा फुले मंडई. गंमत म्हणजे जोतीराव नगरपालिकेचे सदस्य असताना या बांधकामावर पैसा घालायच्या विरोधात होते; त्यांचं म्हणणं, तो शिक्षणावर खर्चा. नाव मात्र त्यांचंच लागलं. बाहेरच्या बाजूला पुरंदरची एक मावशी बसते. सीझनला अंजीर, सीताफळ, एरवी घेवडा नि वाटाणा. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या बोलण्यावरूनच ओळखलं तिनं. भाव सांगायच्या आधी विचारलं, "तुमच्याकडं झाला का पाऊस?" भर पुण्यात, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, कुणीतरी माझ्या रानातला पाऊस विचारतंय! त्या दिवशी मी गरज नसताना किलोभर घेवडा घेतला.

तुळशीबागेचं मी लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. भातुकलीची पितळी भांडी बघितली की अजून पाय अडतो, एवढंच.

एका वर्षी गटातल्या बारा जणींना घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. तिकीट काढताना कुरकुर झाली, "जुन्या वस्तू बघायला पैसे?" आत गेल्यावर मात्र एकेक जण काचेला नाक लावून उभी. अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री. "अगं, हे तर आमच्या माळ्यावर पडलंय!" "आमच्या आजीनं मोडीत घातलं असलंच." दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं हा संग्रह उभा केला आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई त्यात बरोबरीनं राबल्या, हे मी सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मुलाच्या दुःखाचं असं काही करता येतं, हे त्यातल्या दोघींना फार लागलं. त्यांची नावं नको. परत आल्यावर एकीनं माळ्यावरचा अडकित्ता घासूनपुसून खाली काढला.

गंज पेठेतल्या फुलेवाड्यात मी नेहमी एकटीच जाते. तिथला पाण्याचा हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. टँकरमागं घागरी घेऊन पळालेल्या बाईला पाणी खुलं करणं म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. बुधवार पेठेत भिडेवाडा होता, मुलींची १८४८ ची शाळा. तो डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. त्याआधी त्या पडक्या वाड्यासमोर मी कितीदा तरी उभी राहिले होते. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटायचं, बाई बसची वाट बघतेय.

आता मूळ मुद्द्यावर येते. पुणं आवडणं ही माझी चैन होती, पण आमच्या गटातल्या एकीला ते जगण्यासाठी लागणार होतं. २०२३ च्या सुरुवातीला तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग दर एकवीस दिवसांनी केमो. दुसऱ्या फेरीनंतर ती घरात बसली. औषधाला योजनेतून मदत होती, पण दोघांचं जाणं-येणं, नवऱ्याचा बुडालेला रोज, वर चहापाणी. "बरं वाटतंय मला आता, कशाला परत?" असं म्हणायची. बरं कुठलं वाटतंय! तिनं मनाशी हिशेब मांडला होता आणि त्यात स्वतःला वजा केलं होतं.

त्याच मार्चच्या १७ तारखेपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. मी तिच्या ओट्यावर जाऊन सरळ आकडेमोड केली. नवऱ्यासोबत गेलीस तर दीड तिकीट. आमच्यापैकी कुणी आली तर दोघींचं मिळून एक. नवऱ्याचा रोजही वाचतो. मग आम्ही पाळी लावली. एकदा मी, एकदा तिची जाऊ, एकदा गटातली दुसरी. सोबतीला जाणाऱ्या बायकांनाही हळूहळू पुणं कळायला लागलं. कुठल्या दारातून आत जायचं, रांग कुठं, बिनतिखटाची भाजी कुठं मिळते. एक तर परत येताना कसब्याच्या गणपतीला जाऊन आली, एकटी! आल्यावर तिचा चेहरा बघायला हवा होता.

अर्ध्या तिकिटावर पुरुष मंडळी पारावर विनोद करतात. "बायका निस्त्या हिंडत्यात." हिंडू देत की. जन्मभर तुम्ही हिंडलात, आम्ही कधी हिशेब मागितला? २०२५ च्या जानेवारीत भाडं वाढलं, तेव्हा आमचं अर्धंही वाढलं. पण थांबलं कुणी नाही.

थांबलं ते पुढच्या महिन्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकातच, उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. बातमी टीव्हीवर दिवसभर. आमच्या घराघरांतून एकच सूर, "आता पुणं-बिणं बास." माझ्या प्रेमाच्या शहराची ती जागा, जिथं मी वर्षानुवर्षं निर्धास्त उतरले. मलाही रात्री झोप आली नाही. खोटं कशाला सांगू, राग नुसता त्या माणसाचा नव्हता. आता याचा दंड आमच्या बायकांनी घरात बसून भरायचा, याचाही होता. आमच्या पेशंटची तपासणीची तारीख त्यानंतर आठ दिवसांनी होती. घरच्यांशी वाद घालत बसले नाही. उजाडल्यावरची गाडी धरायची, रिकाम्या उभ्या गाडीत चढायचं नाही, कुणी "ताई, गाडी तिकडं लागलीय" म्हणालं तरी चौकशी खिडकीवरच विचारायचं, एवढं ठरवलं आणि दोघींऐवजी पाच जणी गेलो. तिघींना काही काम नव्हतं. त्या नुसत्या सोबत आल्या. तपासणी नीट झाली. ती आज खुरपायला जाते, वजनही वाढलंय.

प्रेम आहे म्हणून सगळं गोड लागतं असं नाही. चुलत नणंद धनकवडीला राहते, तिच्याकडं मुक्काम पडला की सकाळी वरच्या टाकीचं पाणी वाहताना ऐकू येतं. खाली एक गृहस्थ पाइप लावून गाडी धुतात. एप्रिल महिना! पोटात कालवतं. खडकवासल्याचं पाणी पुण्याला किती नि कालव्याला किती, यावर आमच्याकडं घराघरांत भांडणं होतात. कारण त्याच धरणाचा कालवा दौंड-इंदापूरकडं येतो आणि माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. पण याची दुसरी बाजूही आहे. पुणं जे पाणी वापरून सोडून देतं, ते मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि उजनीत येऊन थांबतं. माहेरच्या उसाला तेच पाणी. आणि पुरंदर उपसा योजनेनं मुळा-मुठेचंच पाणी उचलून पुरंदर, दौंडबरोबर आमच्या बारामतीच्या जिरायत गावांकडं वळवलंय. म्हणजे पुण्यातल्या मोरीतलं पाणी फिरून आमच्या बाजरीला! नणंदेला हे सांगितलं तर तिला आधी किळस आली, मग हसू. तिच्या घरी आता टाकीला वाजणारा गजर बसवलाय. भरली की ओरडतो.

पुण्यानं मला आणखी एक दिलं. तिकडच्या लोकांनी वाडे-देवळं बघताना मान वर करून उभं राहायची सवय लावली, आणि मग मी आमच्याच लोणीकडं तशी बघायला लागले. आमची पायऱ्यांची पुष्करणी, मल्लिकार्जुनाचं देऊळ, तो अंगभर कोरीव मूर्ती मिरवणारा यज्ञवराह, भैरवनाथाकडचे वीरगळ. लग्नानंतर वीस वर्षं पुष्करणीवरून मी नुसती नैवेद्याचं ताट घेऊन गेले होते. आता रविवारी पुण्याच्या गाड्या येतात, गळ्यात कॅमेरे असलेल्या मुली विचारतात, "काकू, वराह कुठं आहे?" मी दाखवते, आणि घरी चहाला नेते.

येत्या आठवड्यात पुन्हा निघतोय, सहा जणी. दोघींची तपासणी, एकीला मुलीच्या वसतिगृहाची चौकशी करायचीय, एकीला मिक्सरच्या भांड्याचं रबर हवंय. स्वारगेटहून आता भुयारी मेट्रो आहे, सप्टेंबर २०२४ पासून. जिल्हा न्यायालयाला बदलली की पुणे स्टेशन, तिथून ससून जवळ. आणि सहावी आमच्या शेजारच्या आजी. पंचाहत्तरीच्या पुढच्या, म्हणून त्यांना एसटी फुकट. त्यांचं पुण्यात काहीही काम नाही. त्यांना तो सरकता जिना बघायचाय. नऊवारीचा काठ अडकू नये म्हणून काय करायचं, हे कालपासून तीनदा विचारून झालंय.