म्हाताऱ्या कुत्र्याचा डॉक्टर

दिवाळीनंतर आमच्या डॉक्टरांनी दवाखाना कायमचा बंद केला. औषधांचं कपाट भंगारात गेलं, तपासायचं टेबल एका गोशाळेला दिलं आणि स्वतः मुलीकडे बेंगळुरूला निघून गेले. माणसांचा डॉक्टर निवृत्त झाला की सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. जनावरांचा डॉक्टर गेला तेव्हा काही घरांतले फोन तेवढे वाजले. सगळ्यांचा प्रश्न एकच : आता न्यायचं कुठं?

आमची लाली चौदा वर्षांची आहे. रस्त्यावरची, तांबूस, एका कानाचं टोक गेलेली. मागच्या पायांनी उठताना तिला आता दोनदा विचार करावा लागतो. डॉक्टर गेल्यावर मी एका नव्या, काचेच्या दाराच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "ब्रीड कोणतं?" म्हटलं, गावठी. "वय?" सांगितलं. "आन्टी, सीनियर डॉग आम्ही नाही घेत. रिस्क असते. ग्रूमिंग करायचं असेल तर या." चौदा वर्षांच्या गावठी कुत्रीचे केस कापून मी काय करू, हे विचारायच्या आत फोन ठेवला गेला. तेव्हापासून डोक्यात जे काही घोळतंय ते आज लिहून टाकते.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गिरण्यांच्या भोंग्यांचं, टांग्यांचं सोलापूर होतं. जनावरांचा दवाखाना म्हणजे खिलार बैल, पंढरपुरी म्हैस आणि टांग्याचं घोडं. जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा भरला की जनावरांच्या बाजारात डॉक्टर दिसायचे, एरवी कुणाला त्यांची आठवण नसे. घरचं कुत्रं अंगणात असायचं आणि म्हातारं सहसा व्हायचंच नाही. पिल्लूपणीच डिस्टेंपर नाही तर 'गॅस्ट्रो' त्याला न्यायचा. गॅस्ट्रो म्हणजे पार्व्हो. ते खरं नाव आम्हाला फार उशिरा कळलं. पुढं लसी सरसकट मिळू लागल्या, कुत्री घरात झोपू लागली, दहा-बारा वर्षं जगू लागली. म्हातारं कुत्रं ही या शहरातली नवीच गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी लागणारा डॉक्टर कुणी तयार केला नव्हता.

ज्या दहा वर्षांबद्दल मला बोलायचंय ती साधारण २००३ ते २०१३ ही. मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागं मागं धावणारा पग याच सुमारास आला आणि जुळे सोलापुरात गल्लीगल्लीत घोरू लागला. आमच्याकडे त्याआधीच्या फॅशनचा मोती होता. पांढरा पॉमेरेनियन, स्वभावानं पोलीस पाटील. तो म्हातारा होत गेला ती हीच वर्षं.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एक गाळा. बाहेर लाकडी बाक, आत लोखंडी टेबल, भिंतीवर गाईच्या चार पोटांचा तक्ता. अपॉइंटमेंट नाही, पाटीवर वेळ लिहिलेली पण ती कुणी पाळायची हे ठरलेलं नव्हतं. स्वभाव तिखट. मांजर आणलेलं त्यांना खपायचं नाही, "हात फाडून घ्यायला मी बसलो नाही," असं तोंडावर सांगायचे. मांजरवाल्यांचा त्यांच्यावर राग होता आणि तो रास्त होता. पण त्यांच्याकडे एक लांबट वही असायची. प्रत्येक कुत्र्याला एक पान. दर खेपेला आधी वजन, मग दात, मग छातीला नळी. मोतीचं वजन सहा महिन्यांत पाऊण किलोनं उतरलं तेव्हा आम्हाला तो 'छान सडपातळ' दिसत होता. डॉक्टर वहीकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे सडपातळ नव्हं. पाणी किती पितो ते बघा."

त्यात किती शहाणपण होतं हे मला नंतर उमगलं. किडनीचा साधारण तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं वाढत नाही, असं पशुवैद्यकाची पुस्तकं सांगतात. म्हणजे रिपोर्टमध्ये आकडा लाल होईतो गाडी पुष्कळ पुढं गेलेली असते. म्हाताऱ्या जनावराचा आजार कळतो तो कालच्या आणि आजच्यातल्या फरकावरून, आणि फरक त्यालाच कळणार ज्यानं काल पाहिलंय. सोनोग्राफीचं मशीन विकत मिळतं. कालचं पाहिलेलं कुठून आणायचं?

मोतीला खोकला लागला. रात्री दोनला उठून बसायचा. एक्स-रे काढायची सोय गावात माणसांसाठीच. डॉक्टरांच्या ओळखीच्या एका सेंटरमध्ये शेवटचा पेशंट गेल्यावर मागच्या दारानं आम्ही आत गेलो. तंत्रज्ञ हनुमानाचा भक्त असावा, आधी फोटोला नमस्कार करून मग त्यानं मोतीला आडवं धरलं. फिल्मवर नाव 'मोती', वय १०. हृदय मोठं झालेलं. रक्त माणसांच्या लॅबमध्ये जायचं. तिथलं मशीन माणसांच्या पेशी मोजायला बसवलेलं, त्यामुळं कुत्र्याच्या काही आकड्यांवर भरवसा नाही. डॉक्टर काचपट्टी स्वतःच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून गोचिडाच्या तापाचे जंतू शोधायचे. औषधंही माणसांचीच : लॅसिक्स, एनालाप्रिल. नवी पेठेतल्या मेडिकलवाल्यानं पहिल्यांदा विचारलं, "पेशंटचं नाव?" मी सांगितलं. "आडनाव?" आमचंच लिहा म्हटलं. पुढची दोन वर्षं तो प्रत्येक वेळी आमच्या आडनावाच्या मोतीची तब्येत विचारत असे.

मोतीची शेंगाचटणी बंद झाली. सोलापुरात हे सांगणं डॉक्टरच्या जिवावर बेतू शकतं, पण त्यांनी सांगितलं आणि सासूबाईंनी ऐकलं.

हृदयाची सोनोग्राफी मात्र पुण्यात. इथं थोडं भांडायचंय. हे डॉ. कोटणिसांचं गाव. १९६३ पासून इथं वैद्यकीय महाविद्यालय आहे. धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गीहून माणसं ऑपरेशनं करून घ्यायला सोलापुरात येतात. आणि त्याच सोलापुरातून एका पॉमेरेनियनच्या हृदयाचा फोटो काढायला अडीचशे किलोमीटर जायचं. पशुवैद्यकाची महाविद्यालयं मुंबईत परळला १८८६ पासून, पुढं नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. सोलापूर यांत कुठंच नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं जावं तर रेल्वेचा नियम असा, की कुत्रं एक तर एसी फर्स्टच्या कूपेत न्यायचं, नाही तर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. हुतात्म्याला एसी फर्स्ट नाही आणि हृदयाचा पेशंट पेटीत घालायची आमची तयारी नव्हती. शेजाऱ्यांची ओम्नी घेतली. रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम चाललेलं, टेंभुर्णीपर्यंत धूळ खात गेलो. घरी परतल्यावर एका नातेवाइकांनी बैठकीत बसून विचारलं होतं, "कुत्र्याला कसला हृदयाचा डॉक्टर? लक्ष्मी जास्त झाली वाटतं." पुढं त्यांनीच हस्की घेतला. सोलापूरच्या पंचेचाळीस अंशांत बर्फातलं कुत्रं, आणि त्याच्यासाठी चोवीस तास एसी. लक्ष्मीचं काय ते त्यांनाच माहीत.

मधल्या एका आठवड्यात आमचे डॉक्टर गावाला गेले होते म्हणून मोतीला दुसरीकडे नेलं. तिथं त्याला 'ताकदीचं इंजेक्शन' मिळालं. दोन दिवस मोती पिल्लासारखा उड्या मारत होता, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी लोळागोळा. ते स्टिरॉइड होतं, हे आमच्या डॉक्टरांनी रिकामी कुपी बघून सांगितलं आणि मग त्या अनुपस्थित सहकाऱ्याबद्दल कानडीत जे काही बोलले ते मला अर्धंच कळलं. अशी ताकद विकणारे आजही आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ चा. नोंदणी असलेल्यानंच उपचार करावेत, असं तो सांगतो. पण दारात येणाऱ्यापैकी किती जण भिंतीवरचा नोंदणी क्रमांक वाचतात?

शेवटी २०१२च्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, "आता माझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि पुण्याच्यानंही. नेऊ नका." हे वाक्य बोलणारा डॉक्टर मला पुन्हा भेटलेला नाही. आता कुणी नाही म्हणतच नाही. आणखी एक तपासणी असते, आणखी एक सलाइन असतं. शेवटचं इंजेक्शन द्यायला ते घरी आले, आधी गुंगीचं दिलं, पैसे घेतले नाहीत आणि चहा मागून घेतला. मोतीला केगावजवळ मैत्रिणीच्या शेतात पुरलं.

त्यानंतरची वर्षं भरभर सांगते, कारण ती भरभरच गेली. दवाखाने वाढले, ही चांगली गोष्ट आहे. खोटं कशाला बोलू. गावातच एक्स-रे, सोनोग्राफी, मांजराला हात लावणारे डॉक्टर मिळू लागले. टाळेबंदीत घरोघरी पिल्लं आली. २०२२ला लम्पी आला तेव्हा जिल्ह्यातले सरकारी डॉक्टर महिनोन्‌महिने गोठ्यांतून लसी टोचत फिरले. त्यांच्याकडे म्हाताऱ्या कुत्र्याचं रडगाणं नेणं मलाही शोभलं नसतं. २०२४च्या जुलैत मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं पाचमजली रुग्णालय उघडलं, दोनशे खाटांचं. फोटो बघून डोळे भरले. मग अंतर पाहिलं. चारशे किलोमीटर.

नव्या दवाखान्यांत खाद्याची पोती दर्शनी लावलेली असतात. टेबलामागचा तरुण डॉक्टर चार महिन्यांत बदलतो, कारण पुण्यात पगार बरा आहे. त्याला मी दोष देत नाही. पण दर खेपेला लालीची कहाणी पहिल्यापासून सांगायची, दर खेपेला रक्त नव्यानं काढायचं, आणि मागचा रिपोर्ट दाखवला तर "ते जुनं झालं" ऐकायचं. जुनं आहे म्हणूनच तर दाखवतेय, बाबा.

सध्या मी लालीला अक्कलकोट तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नेते. शिरवळला शिकलेली मुलगी आहे तिथं. सकाळी म्हशींच्या रांगेत आम्ही दोघी उभ्या राहतो. खोड्यात म्हैस अडकवलेली असते आणि लाली तिच्याकडे तुच्छतेनं बघते. पावती किरकोळ रकमेची. पहिल्या दिवशी मी डॉक्टरांच्या वहीतलं लालीचं पान पुढं केलं. बेंगळुरूला जाताना त्यांनी ते फाडून माझ्या हातात दिलं होतं. त्या मुलीनं ते वाचलं, दोन प्रश्न विचारले, आणि धान्य तोलायच्या काट्यावर लालीला उभं करून खाली नवा आकडा लिहिला. दोनशे ग्रॅमनं कमी. पाणी किती पिते, हेही विचारलं.

तिच्या बदलीचं मे महिन्यात निघेल म्हणतात. मोहोळ मिळालं तर आमचं जमेल. करमाळा मिळालं तर कठीण आहे. जिल्हा परिषदेत ओळखीचं कुणी आहे का, हे मी सध्या प्रत्येकाला विचारत सुटलेय.