विश्लेषण : उसाला टाकलेला युरिया जातो कुठे? विहिरीत विरघळलेली हवा देते हिशेब

हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेला वारणा, दक्षिण भागातून वाहणारी पंचगंगा आणि मधल्या पट्ट्यात जिकडेतिकडे ऊस. इथे पाण्याची चर्चा निघाली की विषय दोनच असतात, पंचगंगेचे प्रदूषण आणि महापूर. विहिरी-बोअरच्या पाण्याकडे लक्ष जाते ते आटल्यावर.

या भूजलात नायट्रेट किती, हे तपासणारी व्यवस्था आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार मर्यादा आहे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे गेल्यास विशेषतः तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते.

पण हा आकडा आजचा असतो. हे नायट्रेट कधीच्या खताचे, वाटेत किती नाहीसे झाले, ते शेतातून आले की गटारातून, यातले काहीही तो सांगत नाही. त्याची उत्तरे पाण्यात विरघळलेल्या वायूंत आणि नत्राच्या अणूंत असतात.

युरियाच्या पोत्यात हवा कशी?

युरियातला नत्र हवेतलाच असतो. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजन आहे. कारखान्यात तो नैसर्गिक वायूपासून काढलेल्या हायड्रोजनशी जोडून अमोनिया करतात आणि अमोनियापासून युरिया. राज्यात अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात हेच चालते. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असतो.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी १६० किलो. सगळा नत्र युरियातून द्यायचा म्हटले तर पावणेआठ पोती. प्रत्यक्षात अनेक शेतात शिफारशीपेक्षा हात सैल सुटतो, हे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात तासभर बसले तरी कळते.

ऊस हा सगळा नत्र उचलत नाही. उरलेल्यापैकी काही अमोनिया होऊन उडून जातो. बराचसा जमिनीतल्या जिवाणूंमुळे नायट्रेट होतो. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि काळ्या मातीच्या चिकणकणांवरही ऋण भार असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाटाने भरपूर पाणी दिले की ते पाण्याबरोबर खाली उतरते.

तिसरी वाट हवेकडे परत जाते. पाणी साचले आणि मातीतला प्राणवायू संपला की काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात. या क्रियेत नत्राचा पुन्हा वायू होतो. क्रिया पुरी झाली तर निरुपद्रवी नायट्रोजन, अर्धवट राहिली तर नायट्रस ऑक्साइड. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. औद्योगिक क्रांतीआधी तो हवेच्या अब्ज भागांत २७० होता, आता ३३७च्या पुढे गेला आहे.

शेतातून उडणारा वायू मोजतात कसा?

साधन अगदी साधे आहे. सरीत एक चौकट रोवायची, तिच्यावर हवाबंद डबा उपडा घालायचा आणि ठरावीक मिनिटांनी इंजेक्शनच्या सिरिंजने आतली हवा काढायची. प्रयोगशाळेत त्या नमुन्यांतला नायट्रस ऑक्साइड मोजला की तो कोणत्या वेगाने वाढला ते कळते. अवघड भाग आहे तो दिवस निवडण्याचा. खत टाकल्यानंतर पाणी दिले किंवा मोठा पाऊस झाला की थोडे दिवस उत्सर्जन एकदम उसळते आणि मग महिनोन्‌महिने अगदी किरकोळ राहते. चुकीच्या आठवड्यात डबा ठेवला तर शेत निर्दोष दिसते.

हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीचा (आयपीसीसी) ढोबळ गुणक असा, की टाकलेल्या नत्रापैकी १ टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात जातो. एकरी १६० किलोला तो लावला तर दीड-पावणेदोन किलो नत्र, म्हणजे सुमारे अडीच किलो नायट्रस ऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत जवळपास ७०० किलो. हा जागतिक सरासरीवरचा अंदाज आहे. पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात आणि निचऱ्याच्या मुरमाड माळावर आकडे वेगळे येणार.

विहिरीच्या पाण्यात हवा काय करते?

पावसाचे पाणी मातीतून मुरताना थोडी हवा विरघळवून घेते. २५ अंश तापमानाला, या भागाच्या उंचीवर, लिटरभर पाण्यात साधारण १२ ते १३ मिलिग्रॅम नायट्रोजन आणि अर्धा मिलिग्रॅम अरगॉन असतो. अरगॉन कशाशीच संयोग करत नाही, त्यामुळे जमिनीखाली त्याचे प्रमाण जवळपास तेच राहते. नायट्रोजनचे तसे नाही, जिवाणूंनी नायट्रेट तोडले की त्यात भर पडते.

समजा, एका विहिरीत अरगॉनवरून नायट्रोजन १३ मिलिग्रॅम हवा होता आणि मिळाला २०. जादाचे ७ मिलिग्रॅम पूर्वी नायट्रेट होते. त्याचे वजन भरते ३१ मिलिग्रॅम. तपासणीत आज २० मिलिग्रॅम नायट्रेट दिसते, अहवालावर ‘पिण्यायोग्य’ असा शेरा पडतो. पण शेतातून निघाले तेव्हा ते ५१ होते. खाली ते तोडणारी व्यवस्था चालू आहे म्हणून पाणी मर्यादेत राहिले. या व्यवस्थेला लागणारा सेंद्रिय कर्ब किंवा इतर खाद्य कमी पडले तर उद्याचा आकडा वेगळा असेल. नेहमीच्या तपासणीत विरघळलेले वायू मोजले जात नाहीत, त्यामुळे ही सूचना कुणालाच मिळत नाही.

यासाठी नमुना घेणे मात्र कौशल्याचे काम आहे. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी हिशेब बिघडतो. काही वायूंसाठी पाणी तांब्याच्या नळीत भरून दोन्ही टोके चिमट्याने दाबून बंद करतात.

पाण्याचे वय कसे कळते?

जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी वायूंची इथे अनपेक्षित मदत होते. जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५७मध्ये अतिसूक्ष्म प्रमाण पकडणारा शोधक तयार केला आणि १९७१-७२च्या अंटार्क्टिकापर्यंतच्या जहाजप्रवासात दाखवले, की हे मानवनिर्मित वायू भर समुद्रावरच्या हवेतही पोहोचले आहेत. १९४०च्या दशकापासून १९९०च्या दशकापर्यंत ते हवेत वाढत गेले, पुढे १९८७च्या मॉन्ट्रियल कराराचा परिणाम दिसू लागला. म्हणजे पाण्यात सीएफसी किती यावरून ते पाणी कोणत्या वर्षांच्या हवेला शेवटचे भेटले हे काढता येते. त्यानंतरच्या काळासाठी विजेच्या स्विचगिअरमध्ये वापरला जाणारा, अजूनही वाढत असलेला सल्फर हेक्साफ्लोराइड उपयोगी पडतो. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार तिसरी खूण. अणुचाचण्यांमुळे उत्तर गोलार्धाच्या पावसात तो १९६३मध्ये कमाल झाला. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे असल्याने आता ती खूण बत्तिसाव्या हिश्श्यावर आली आहे.

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने उत्तर गुजरातमध्ये कार्बन-१४ आणि हेलियमवरून भूजलाचे वय काढले, तेव्हा काही ठिकाणचे पाणी ३५ हजार वर्षांहून जुने निघाले. हातकणंगल्याखाली मात्र गाळाचे तसे जाड थर नाहीत. इथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर आहेत. विहिरीला वरच्या झिजलेल्या खडकातले तुलनेने ताजे पाणी मिळते. बोअर मात्र वेगवेगळ्या खोलीवरच्या भेगांतून एकदम ओढते. पाच वर्षांचे आणि पन्नास वर्षांचे पाणी एकाच नळीतून वर आले तर त्याचे ‘सरासरी वय’ फार फसवे ठरते.

आणखी दोन अडचणी आहेत. मान्सूनमध्ये पाण्याची पातळी झपाट्याने चढते तेव्हा भेगांतली हवा दाबली जाऊन जादा विरघळते. ती निऑनसारख्या वायूवरून वजा करावी लागते. शिवाय ज्या प्राणवायूरहित पाण्यात नायट्रेट तुटते, तिथे सीएफसीही तुटतात. परिणामी पाणी असते त्यापेक्षा म्हातारे दिसते. म्हणून एकाच वायूवर कुणी विसंबत नाही.

हे वय शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गावाने यंदा खत कमी केले आणि विहिरीचे पाणी तीन वर्षांचे असेल, तर फरक लवकर दिसेल. बोअरचे पाणी तीस वर्षांचे असेल तर नायट्रेट बरीच वर्षे तसेच राहील किंवा वाढतही जाईल. तेव्हा ‘खत कमी करून काही उपयोग झाला नाही’ असे म्हणणे सोपे असते.

नत्र शेतातला की सांडपाण्यातला?

इचलकरंजीसारखे मोठे औद्योगिक शहर याच तालुक्यात असल्याने हा प्रश्न वादाचा होतो. नत्राचे दोन स्थिर प्रकार आहेत, १४ आणि थोडा जड १५. युरियातला नत्र थेट हवेतून घेतलेला असल्याने त्यातले प्रमाण हवेसारखेच असते. शेण आणि मैल्यातून हलका नत्र अमोनियाबरोबर आधी उडतो, त्यामुळे मागे उरलेला जड असतो. विहिरीतल्या नायट्रेटमधले हे प्रमाण मोजले की कल कळतो. मात्र जिवाणूही हलका नत्र आधी तोडतात आणि उरलेले नायट्रेट जड होते. त्यामुळे युरियाचा नत्र मैल्यासारखा दिसू शकतो. इथे पुन्हा अरगॉनचा हिशेब हाताशी लागतो.

समुद्राशी संबंध काय?

अरबी समुद्र जवळ असला तरी इथले पाणी तिकडे जात नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला, वारणा हरिपूरला कृष्णेत मिळते आणि कृष्णा आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणे ओलांडत बंगालच्या उपसागरात. धरणांत पाणी थांबते तिथेही नत्राचा काही भाग वायू होतो.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सय्यद वाजीह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात प्राणवायू संपतो आणि पाण्यात नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण विलक्षण वाढते. बंगालच्या उपसागरात अजून तशी स्थिती नाही. नक्वींचा सहभाग असलेल्या २०१७च्या अभ्यासानुसार तिथे खोलवर नेहमीच्या उपकरणांनाही न दिसणारा किंचित प्राणवायू उरला आहे आणि त्याच्यामुळे नत्र तुटण्याची क्रिया अडून आहे. नद्यांतून जाणारे जादा पोषण तो संपवू शकते, ही तिथली काळजी.

विहिरीतला नत्र पुन्हा वापरता येतो का?

येतो, आणि त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम असलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम नत्र असतो. एकराला आठ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सव्वातीन लाख लिटर पाणी, त्यातून सव्वातीन किलो नत्र आपोआप शेतात पडतो. अशा २० पाळ्यांत ६५ किलो, म्हणजे तीन पोत्यांहून जास्त युरिया. तो सगळा उसाला लागू पडणार नाही, पण माती परीक्षणाबरोबर विहिरीच्या पाण्याचे नायट्रेटही तपासून घेतले तर खताच्या मात्रेतून किती वजा करता येईल, हे कृषी अधिकाऱ्याबरोबर बसून ठरवता येते.