दुःख माणसास बळ देतें काय ?

दुःखाच्या भट्टींत तापल्यावांचून माणसाचें लोखंड पक्कें होत नाहीं, असें पेढीवर लोडास टेकून बोलणारे गृहस्थ आमच्या शहरांत पुष्कळ आहेत. बोलणें गोड आहे. परंतु ज्या भूमीच्या पोटांत खरोखरीचें लोखंड आहे, त्या सूरजागडाकडे पाहून त्याची परीक्षा करावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांतील हा डोंगर म्हणजे माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचें स्थान. दर जानेवारींत तेथें जत्रा भरते. २००७ सालीं तेथील लोहखनिजाचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ च्या डिसेंबरांत नक्षलवाद्यांनीं खनिज वाहणारीं सत्तरांहून अधिक वाहनें जाळलीं. पुढें खोदकाम वाढलें. दोहों बाजूंस बंदूक आणि मध्यें माडियाचें झोपडें, अशी स्थिति या मुलखानें कित्येक दशकें सोसली. त्यांत हिंवतापाची भर. दुःखानेंच बळ येत असतें, तर हा मुलूख आज देशांत सर्वांत बलवान् असता. तसा तो नाहीं. तेव्हां नुसतें दुःख माणसास वांकवितें, हें उघड आहे. मग बळ येतें तें कोठून ?

याचें उत्तर जुन्या चांदा मुलखानेंच दिलें आहे. वरोऱ्याचे बाबा आमटे हे आमच्याच धंद्यांतले, वकील. रस्त्यांत पडलेल्या एका कुष्ठरोग्यास पाहून ते प्रथम भ्याले व निघून गेले. पण त्या भयाचीच लाज वाटून ते परतले आणि त्याची शुश्रूषा केली. १९४९ सालीं त्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली. आनंदवनांत रोग्यांस भिक्षा मिळाली नाहीं, कुदळ मिळाली; बोटें झडलेल्या हातांनीं विहिरी खणल्या व शेतें पिकविलीं. रोगाचें दुःख तेंच होतें. पण हातीं काम आलें आणि मान वर झाली.

दुसरा दाखला भामरागड तालुक्यांतील हेमलकसाचा. २३ डिसेंबर १९७३ रोजीं तेथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नाहीं, पावसाळ्यांत नदीनाल्यांनीं वाट बंद, आणि ज्यांच्यासाठीं जावयाचें ते लोक आरंभीं जवळ येईनात. प्रकाश व मंदाकिनी आमटे हें डॉक्टर दांपत्य तरी तेथेंच राहिलें. १९७६ त निवासी शाळा निघाली. तींतून शिकलेलीं मुलें डॉक्टर, वकील, शिक्षक झालीं, व त्यांतलीं कित्येक आपल्याच लोकांत परत आलीं.

तिसरा दाखला धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवचा. तेथील गोंड ग्रामस्थ एकत्र बसून, सर्वांची संमति मिळेपर्यंत विचार करितात. वर्षानुवर्षें चिकाटी धरून त्यांनीं २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळविला, व २०११ त आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार घेतला.

तीनही ठिकाणीं दुःखाचें बळ झालें, तें सोसणाराच्या हातीं कांहीं करावयास आलें म्हणून. जेथें त्याच्या हातीं कांहींच नाहीं, तेथें सोसणें म्हणजे केवळ झिजणें होय.

कोणी म्हणेल, खाणीनें रोजगार आणिला. आणिला आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु न विचारतां दिलेली मजुरी पोट भरील, मान वर करणार नाहीं. १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांनीं ग्रामसभेस मत दिलें आहे. तें मत घेतल्याची कागदावर नोंद करणें आणि तें मत खरोखर ऐकणें यांतील अंतर, कोर्टाची पायरी चढलेल्या कोणाहि माणसास कळतें.

सहनशीलतेचा उपदेश ज्यानें त्यानें आपल्यापुरता घ्यावा. शेजाऱ्याच्या दुःखास तो लावूं नये. सूरजागडचें लोखंड आमच्या वखारींत व घरांच्या सळयांत येणार आहे. त्याचा भाव विचारतांना, ज्यांच्या देवाच्या डोंगरांतून तें निघालें, त्यांस कोणीं काय विचारलें, एवढेंहि आम्ही विचारूं लागलों, तर त्यांच्या बळांत आमचा अल्पसा हातभार लागेल.