भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? आधी गणित मांडा, मग मन तपासा



आमच्या शिबिरात एक प्रश्न हमखास येतो. "सर, बारा-पंधरा लाख जमलेत. धंद्यात घालू, की फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ? घर काही पळून जात नाही, आणि भाडं घरबसल्या येतं."

यातलं 'घरबसल्या' तेवढं खरं नाही. घर भाड्याने देणं हासुद्धा एक छोटा धंदाच आहे. त्यात ग्राहक आहे, उधारी आहे, दुरुस्ती आहे आणि डोकेदुखी तर आहेच. म्हणून त्याच्याकडे धंद्याच्याच नजरेने बघूया.

आधी गणित

समजा, पुण्यात ५० लाखांचा फ्लॅट घेतला. १० लाख तुमचे, ४० लाख कर्ज. त्याशिवाय स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे साधारण पावणेचार लाख, तेही खिशातूनच. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी महिन्याचा हप्ता बसतो सुमारे ३४,७०० रुपये. भाडं धरूया १५,००० रुपये.

वर्षाचं भाडं झालं १,८०,०००. आता वजाबाकी करा:

- वर्षात एक महिना घर रिकामं: १५,०००
- सोसायटीचा मेंटेनन्स: ३०,०००
- प्रॉपर्टी टॅक्स: ८,०००
- रंग, नळ, गीझर वगैरे: १२,०००

हातात उरले १,१५,०००. म्हणजे ५० लाखांवर २.३ टक्के. वर्षाचे हप्ते मात्र ४,१६,४००! दर महिन्याला साधारण २५,००० रुपये तुम्हालाच घालावे लागणार. फ्लॅटची किंमत पुढे वाढेलही, पण या महिन्याचा हप्ता त्या वाढीतून भरता येत नाही.

भाड्यावर आयकर लागतो हेही लक्षात ठेवा. भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते, मग तुमचा खरा दुरुस्तीखर्च कितीही होवो.

आता मनाचं बघू

मी हे ठेच लागून शिकलो. माझ्या पहिल्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं आलं. अकरा महिने दर पाच तारखेला भाडं जमा. करार संपला तेव्हा "माणसं चांगली आहेत, कशाला घाई?" म्हणून मी नवा केलाच नाही. आणि नेमकी त्यांची नोकरी गेली.

पहिल्या महिन्यात मीच म्हणालो, "होतं असं, सावकाश द्या." दुसऱ्या महिन्यात फोन केला. तिसऱ्या महिन्यात फोन करायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा. घरात तान्हं बाळ. "घर सोडा" म्हणायला जीभ रेटेना. इकडे बँक मात्र ठरल्या तारखेला हप्ता कापत होती. चौथ्या महिन्यात समोर बसून बोललो. दोन महिन्यांचं डिपॉझिट थकबाकीत वळतं केलं, बाकीचं सोडून दिलं, आणि महिनाअखेरीस त्यांनी घर रिकामं केलं. ती माणसं खरंच चांगली होती. चूक माझ्या भिडेची होती.

पैसे गेले त्याचं फार नाही वाटलं. पण त्या चार महिन्यांत माझं धंद्यात लक्ष नव्हतं, ते नुकसान मोठं होतं. त्याचा हिशोब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

करार म्हणजे अविश्वास नव्हे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट रक्कम मागता येते.

शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं मानीव व्याजही धरतात. आपल्या उदाहरणात ही ड्युटी पाचशेच्या आसपास जाते. नोंदणी ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला विसरू नका.

नातेवाईक किंवा मित्राला घर देताय? मग तर करार आधी करा. तोंडी व्यवहारात पैसे जातात, आणि नातंही जातं.

घ्यायचा की नाही?

स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. भाडं सहा महिने आलं नाही तरी हप्ते भरता येतील का? आपल्या उदाहरणात त्यासाठी दोन लाख आठ हजार बाजूला हवेत.

२. धंद्याचं खेळतं भांडवल यात अडकतंय का? दुकानात माल भरायला उद्या दोन लाख लागले, तर फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

३. थकलेलं भाडं मला शांतपणे, पण स्पष्ट शब्दांत मागता येईल का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर खुशाल घ्या. आधीच धंदा स्थिरावलाय, कर्ज कमी लागणार आहे, अशा माणसाला हे घर म्हातारपणी नक्की आधार देतं. पण पहिलं भांडवल हाताशी आलंय आणि धंदा अजून उभा राहायचाय, तर थोडं थांबा. भिंतीत घातलेला पैसा सुरक्षित वाटतो खरा, पण गरजेच्या वेळी तो पटकन बाहेर येत नाही.

आज रात्री वही घ्या आणि वरचं गणित तुमच्या भागातल्या भाव-भाड्याने मांडा. नवरा-बायको दोघांनी मिळून मांडा. हप्ता कुणाच्याही खात्यातून गेला, तरी ताण दोघांनाही येतो.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!