रोरा आणि चर्च: शोना विवाहाचा मागोवा

शोना लोकांत वराकडून वधूच्या माहेरी जे देज जाते त्याला ‘रोरा’ म्हणतात. झिम्बाब्वेत बहुसंख्य लोक शोना आहेत आणि बहुसंख्य लोक ख्रिस्तीही आहेत, त्यामुळे रोराबद्दल चर्चला काय वाटते हा प्रश्न तिथल्या जवळजवळ प्रत्येक लग्नघरात निघतो. 2022 मध्ये नवा विवाह कायदा आला त्याआधी हा प्रश्न संसदेतही गाजला. पहिल्या मिशनऱ्यांनी ज्या व्यवहाराला मुलीची विक्री म्हटले, तो पुरा झाल्याची खात्री केल्याशिवाय आज अनेक पाद्री लग्नच लावत नाहीत.

रोरा एका दिवसात चुकता होत नसे. वराचा मध्यस्थ, म्हणजे ‘मुन्याई’, आधी ‘तोंड उघडण्याचे’ किरकोळ देणे देई आणि मग बोलणी सुरू होत. बसण्यात, बोलण्यात काही चुकले की त्याला दंड पडे, आणि त्यात थट्टेचा भाग मोठा असे. गुरांचा मुख्य भाग म्हणजे ‘दांगा’. तो दिला की होणारी मुले बापाच्या कुळाची ठरत. ‘मोम्बे येउमाई’ ही आईची गाय वेगळी. ती जिवंतच द्यावी लागे, कारण वधूच्या आईकडच्या पूर्वजांचा मान तिच्यात असे. देणे वर्षानुवर्षे रेंगाळे. जावई म्हणजे उंबराचे झाड, त्याची फळे खाऊन संपत नाहीत, अशा अर्थाची शोना म्हणच आहे. या सगळ्यात ‘तेते’, म्हणजे वधूची आत्या, महत्त्वाची. मुलीला संसाराचे शिकवणारी ती, आणि पुढे नवराबायकोचे बिनसले की निवाड्याला बसणारीही तीच.

शोना राजाशी बोलणारा पहिला मिशनरी गोव्याहून गेला होता. गोव्यातील जेझुइटांचा प्रमुख राहिलेला गोंसालो द सिल्व्हेरा मुतापाच्या, म्हणजे त्या राजाच्या, दरबारी पोहोचला, तेव्हा सोने, जमीन, गुरे आणि बायका किती हव्यात अशी विचारणा राजाकडून झाली. त्याने काहीच घेतले नाही. राजाने बाप्तिस्मा घेतला, पण मार्च 1561 मध्ये सिल्व्हेराचा खून झाला. पुढची तीनशे वर्षे या विषयापुरती रिकामीच म्हणावीत.

खरा संबंध आला 1890 नंतर, हा मुलूख ताब्यात घेणाऱ्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या पाठोपाठ. चिशावाशात जेझुइट आले, मॉर्गनस्टरला डच रिफॉर्म्ड, ओल्ड मुतारेला अमेरिकन मेथडिस्ट. त्यांच्या रोषाच्या यादीत बहुपत्नीत्व (‘बारिका’), विधवेने दिराकडे जाण्याची चाल (‘कुगारा न्हाका’) आणि मुलगी लहानपणीच कुणाला तरी देऊन टाकणे (‘कुझ्वारिरा’) हे सगळे होते. शेवटच्या प्रथेबाबत त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. म्हाताऱ्याला दिलेल्या मुली पळून मिशनच्या आश्रयाला येत आणि बाप मागोमाग येऊन दारात भांडत. 1901च्या वटहुकुमाने मुलीची संमती आणि लग्नाची नोंदणी आवश्यक केली.

रोराचे मात्र त्यांना नीट उमगले नाही. आधी लोखंडी कुदळी आणि गुरे यांत ते दिले जाई. 1896च्या बुळकांडीने गुरे मेली आणि झोपडीकराच्या, म्हणजे दर झोपडीमागे बसवलेल्या कराच्या, पैशासाठी तरुण खाणीत गेले. मग रोख रक्कम आली. मिशनच्या शाळेत शिकलेली मुलगी तर आणखी महाग पडू लागली, कारण बाप शाळेची फी रोरात जोडी. ज्यांनी प्रथेला बाजार म्हटले, त्यांच्याच शाळांनी तो चढवला. सरकारने 1950च्या दशकाच्या आरंभी रोरावर 20 पौंडांची मर्यादा घातली. ती कुणी पाळली नाही आणि 1962 मध्ये ती रद्द झाली.

बहुपत्नीकांबद्दल अँग्लिकनांच्या 1888च्या लॅम्बेथ परिषदेने निर्णय दिला होता: पुरुषाला बाप्तिस्मा नाही, त्याच्या बायकांना काही परिस्थितीत मिळू शकतो. नवऱ्याला चर्चमध्ये यायचे तर एक सोडून बाकीच्या बायका सोडाव्या लागत, आणि सोडलेलीने कुठे जावे याचे उत्तर कुणाकडे नव्हते. 1932 पासून जोहाने मारांगे यांच्या अपोस्टोलिक चर्चने बारिकाला जागा दिली आणि त्याकडे ओढा वाढला, यात नवल नाही. कॅथलिकांत ज्यांचे फक्त रोराचे लग्न झाले त्यांना प्रभुभोजन मिळत नसे. अख्खे गाव ज्यांना नवराबायको मानी, त्यांना वेदीपुढे पापी ठरवले जाई.

यात सर्वांत विचित्र सोय कायद्याची होती. चर्चमध्ये लग्न लावायचे तरी आफ्रिकी जोडप्याला आधी सरकारी दाखला लागे, आणि लग्न ख्रिस्ती असले तरी मालमत्तेला रूढीच लागू होई. म्हणजे वेदीपुढे बाईला एकपत्नी नवरा मिळे; घर मिळत नसे. नवरा मेला की दीर येऊन पलंगापासून पातेल्यांपर्यंत उचलून नेत. तिच्या हातच्या कमाईला ‘मावोको’ आणि मुलीच्या लग्नातून आलेल्याला ‘उमाई’ म्हणत. तेवढेच तिचे, बाकी सगळे नवऱ्याचे. चर्चने सवतीवर एवढी प्रवचने दिली, पण या कलमाविरुद्ध तेवढा आवाज उठवला नाही. मिशनच्या इतिहासात सर्वांत कमी लिहिले गेले आहे ते याबद्दलच.

म्हणून 1982 ते 1993 हा काळ थांबून पाहावा असा आहे. स्वातंत्र्य 1980 मध्ये आले आणि दोन वर्षांत सज्ञानतेच्या वयाचा कायदा झाला: अठराव्या वर्षी शोना मुलगी कायद्याने सज्ञान. आधी ती जन्मभर कुणाची तरी पाल्य असे, बापाची नाहीतर नवऱ्याची. 1984 मध्ये न्यायमूर्ती इनॉक डम्बुचेना यांनी सर्वोच्च न्यायालयात निकाल दिला की, सज्ञान मुलीला फसवल्याबद्दल बापाला नुकसानभरपाई मागता येणार नाही. गावोगावचे बाप आणि म्हातारे चिडले, सरकारने आमच्या मुली फुकट करून टाकल्या म्हणाले. 1985च्या कायद्याने घटस्फोटात पत्नीचा वाटा विचारात घ्यायचे ठरवले, पण तो नोंदणीकृत लग्नांना. रोराच्या बिननोंदणी लग्नात राहिलेल्या बायका पुन्हा बाहेरच.

या दशकात चर्च सावध होते. ‘मुलगी विकली’ हे जुने वाक्य आता परक्याचे वाटू लागले होते. संस्कृतीची निंदा करणारा पाद्री वसाहतवादी ठरे, मग रोरा ‘कृतज्ञतेचे देणे’ झाले. 1988च्या लॅम्बेथ परिषदेनेही शंभर वर्षांनी माघार घेतली: बहुपत्नीकाला बायकामुलांसह घ्यावे, पुढे आणखी लग्न करणार नाही या वचनावर. हे बरे झाले, पण उशिरा झाले. सोडून दिलेल्या त्या बायका तोवर म्हाताऱ्या होऊन गेल्या होत्या.

त्याच वर्षी आलेल्या ‘नर्व्हस कंडिशन्स’ या कादंबरीत त्सित्सी दांगारेम्ब्गा यांनी या सगळ्या प्रकाराचे वर्म गाठले. मिशनमध्ये मुख्याध्यापक असलेला बाबामुकुरू, घरावर आलेल्या संकटांचे कारण म्हणून, मुलेबाळे झालेल्या भावाचे आणि भावजयीचे ‘पापी’ राहणे शोधतो आणि त्यांचे चर्चमध्ये लग्न लावतो. आपल्याच आईवडिलांच्या लग्नात करवली व्हायला मुलगी तंबू नकार देते आणि फटके खाते. त्या लग्नात विनोद भरपूर आहे, पण हसू येत नाही. 1993चा ‘नेरिया’ हा चित्रपटही त्यांच्याच कथेवरचा. विधवेची मालमत्ता दिराने लुबाडल्याची ती गोष्ट देशभर पाहिली गेली. एचआयव्हीच्या त्या वर्षांत विधवेला दिराकडे देणे जिवावर बेतत होते. मिशनरी नव्वद वर्षे नैतिकतेच्या नावाने जे बंद करू शकले नाहीत, ते भीतीने पुष्कळ कमी झाले.

पुढचे थोडक्यात. 1997च्या दुरुस्तीने विधवेला आणि मुलांना वारसा दिला. त्याआधीच्या एका मृत्यूच्या प्रकरणात मात्र 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थोरल्या मुलीला डावलून धाकट्या सावत्र भावाला वारस ठरवले आणि 1982च्या कायद्याची धार बोथट केली. 2016 मध्ये घटनात्मक न्यायालयाने अठरापूर्वीचे लग्न बेकायदा ठरवले. तरी 2021 मध्ये जोहाने मारांगे यांच्या चर्चच्या देवस्थानी एक अल्पवयीन मुलगी बाळंतपणात दगावली, तेव्हा देश हादरला. 2022च्या कायद्याने ही बंदी पक्की केली आणि पारंपरिक प्रमुखांना (चीफ) रूढीचे लग्न लावण्याचा अधिकार दिला.

रोरा मात्र थाटात आहे. यादी अमेरिकन डॉलरांत असते, तंबू भाड्याने येतो, एकसारख्या कपड्यांतल्या मैत्रिणींना ‘रोरा स्क्वॉड’ म्हणतात, आणि चर्चचे लग्न (‘मुचाटो’) आणखी खर्चाचे म्हणून वर्षानुवर्षे लांबते. काही पेंटेकोस्टल मंडळ्यांत दांगा चालतो पण मोम्बे येउमाई खटकते, तिच्यात पूर्वज येतात म्हणून. तेतेचे काम लग्नापूर्वीच्या समुपदेशनाच्या वर्गांनी घेतले आहे. तेते भांडण मिटेपर्यंत घरी येऊन बसत असे. वर्ग लग्नाच्या आदल्या आठवड्यात संपतो.